वेबकॅमचे एक्स्पोजर आपल्या हाती ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोकरीची मुलाखत, डॉक्टरांचा सल्ला, कोर्टातली साक्ष अशी कितीतरी महत्त्वाची कामे आता व्हिडिओ कॉलवर होतात, आणि मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या आम्हा किनारपट्टीच्या लोकांना त्याचा मोठा आधार आहे. मात्र कॉलवर आपला चेहरा समोरच्याला नीट दिसतो की नाही, याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. चेहरा काळवंडलेला किंवा पांढराफटक दिसला की कॅमेरा खराब ठरतो, नवा आणला जातो आणि तोही तसेच दाखवतो. खरी अडचण बहुतेक वेळा एक्स्पोजरची असते आणि ते हाताने ठरवता येते, हे आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे पत्र. देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर मी सांभाळतो आणि कॉलसाठी तिथे येणाऱ्यांची ही अडचण नेहमी पाहतो.

एका चित्रासाठी कॅमेरा जितका वेळ प्रकाश आत घेतो, तो काळ म्हणजे एक्स्पोजर. ‘ऑटो’वर असलेला कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी पाहतो आणि ती मध्यम राहावी म्हणून हा काळ आपणहून कमी-जास्त करतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत हीच गोष्ट नडते. कौलांची पाखी खाली उतरलेली, चिऱ्याच्या जाड भिंती, माजघरात भर दिवसा अंधार आणि बाहेरचे अंगण मात्र डोळे दिपवणारे. उजेड मिळावा म्हणून माणूस पडवीत बसतो, पाठीमागे अंगण येते, कॅमेरा त्या झगझगाटाला आवर घालायला एक्स्पोजर उतरवतो आणि माणसाची नुसती काळी आकृती उरते. पावसाळ्यात ढग सरकतील तसा चेहरा क्षणात उजळतो, क्षणात मावळतो. मागून कुणी पांढरा शर्ट घालून गेले तरी तेच. आमच्या वाचनालयाची खिडकी समुद्राकडे आहे आणि दुपारनंतर मुलाखतीला बसलेल्या मुलामुलींचे चेहरे असेच हरवत असत.

पहिला उपाय अर्थातच तोंड उजेडाकडे करून बसण्याचा. जागा बदलता येत नसेल, तर विंडोजवर ‘ओबीएस स्टुडिओ’ हा मोफत प्रोग्राम घ्यावा, त्यात ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ म्हणून आपला कॅमेरा जोडावा आणि ‘कॉन्फिगर व्हिडिओ’ हे बटण दाबावे. उघडलेल्या चौकटीत ‘कॅमेरा कंट्रोल’ या भागात ‘एक्स्पोजर’ असते व त्यापुढे ‘ऑटो’ची टिक असते. ती टिक काढली की पट्टी सरकवता येते. पट्टीवरचे आकडे उणे असतात म्हणून घाबरण्याचे कारण नाही: −५ म्हणजे सेकंदाचा ३२वा भाग, −६ म्हणजे ६४वा, −७ म्हणजे १२८वा, म्हणजे एकेक पायरी खाली गेले की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. चेहऱ्याकडे पाहत पट्टी सरकवावी, खिडकी पांढरी पडली तरी पडू द्यावी. मग ओबीएस बंद करून कॉल सुरू करावा, कारण विंडोजवर एकच कॅमेरा दोन प्रोग्रामना एकाच वेळी बहुधा मिळत नाही.

रात्री किंवा अंधाऱ्या खोलीत आणखी एक गोष्ट घडते. ऑटोवरचा कॅमेरा प्रकाश गोळा करण्यासाठी एक्स्पोजर इतके लांबवतो की सेकंदाला ३० चित्रे घेण्याइतका वेळच उरत नाही. चित्र उजळ दिसते, पण हात हलवला की फराटा उमटतो आणि ओठ शब्दांच्या मागे पडतात. लोक नेटला दोष देतात. अशा वेळी −५ च्या वर न जाता ‘गेन’ (आलेला प्रकाश कॅमेऱ्याने वाढवून दाखवण्याचे प्रमाण) थोडा वाढवावा. चित्रात थोडे कण दिसतील, पण हालचाल स्वच्छ राहील. त्याहून चांगले म्हणजे तोंडासमोर एक दिवा लावणे.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली किंवा काही स्वस्त एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे फिरतात, त्याचेही कारण हेच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. एक्स्पोजर सेकंदाच्या १००व्या भागाच्या पटीत असेल तर पट्टे दिसत नाहीत. −५ हा आकडा त्या हिशेबाच्या जवळ बसतो, −७ वर पट्टे ठळक होतात. त्याच चौकटीत ‘पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी’ ६० वर असेल तर ती ५० करावी. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असेल तर तिथे हा काळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागांत मोजतात, त्यामुळे २०० लिहिले की नेमका ५०वा भाग मिळतो.

हे सारे केवळ नीटनेटके दिसण्यासाठी आहे, असे कुणी समजू नये. भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. रोगाचे निदान रक्त तपासूनच होते, परंतु ‘ई-संजीवनी’ या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून पाहणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यांची लाली किंवा पिवळेपणा दिसला तर ते रुग्णाला तातडीने पुढे पाठवू शकतात. एक्स्पोजर जास्त झालेल्या चित्रात नेमका हा रंगच पांढरेपणात बुडून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष नोंदवण्यास मान्यता दिली. साक्षीदाराचा चेहराच दिसत नसेल तर त्या सोयीचा अर्धा उपयोग वाया जातो.

म्हणून माझी विनंती अशी की, आरोग्य उपकेंद्रे, सेतू केंद्रे, महाविद्यालये आणि वाचनालये यांनी आपल्या कॉलच्या खोलीत दिवसा आणि रात्री कोणते आकडे ठेवायचे हे एकदा पाहून घ्यावे व ते कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवावेत. कॅमेरा खरेदी करताना मेगापिक्सेलबरोबर एक्स्पोजर हाताने बदलता येते का, हेही विचारावे, कारण काही लॅपटॉपच्या अंगच्या कॅमेऱ्यांत ती सोयच नसते. तसेच काही कॅमेरे वीज गेली किंवा केबल काढली की सारे विसरून पुन्हा ऑटोवर जातात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नकोच. तेव्हा कॉलच्या आधी ती टिक पुन्हा एकदा पाहावी.

कळावे,
आपला एक वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग