बाबा, बोटीसाठी एवढं कराच

हेमाए, वेस्टमन बेटे, आइसलँड

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. थंडी आहे, पण अंगवळणी पडली. कारखान्यात सध्या कॅपलिन नावाच्या छोट्या मासळीच्या गाबोळीचा हंगाम चालू आहे, त्यामुळे पाळ्या लांबतात आणि फोन राहून जातो.

परवा दादा फोनवर म्हणाला, ‘मला पोहता येतं, लाइफ जाकीट अडचणीचं होतं.’ हे मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र दादाला वाचून दाखवाच, आणि बोटीवरच्या सगळ्या खलाशांनाही.

या बेटावर जेमतेम साडेचार हजार माणसं. गाव बंदराभोवती आहे, आणि बहुतेक घरांचा मासळीशी काही ना काही संबंध. बाबा, तुम्हाला इथे परकं वाटणार नाही. वारा कुठला आहे हे माणसं इथेही सकाळी उठल्या उठल्या बघतात. मार्च महिन्यात इथल्या पोहण्याच्या तलावावर दर वर्षी एक कार्यक्रम होतो. गावातली माणसं सहा किलोमीटर पोहतात, म्हणजे 25 मीटरच्या तलावात 240 वेळा. स्पर्धा नसते, बक्षीस नसतं. मी काठावर बसून बघत होते. शेजारच्या आजींनी हा कार्यक्रम कशासाठी असतो ते सांगितलं, मग मी कारखान्यातल्या जुन्या माणसांनाही विचारलं.

11 मार्च 1984 ची रात्र. ‘हेल्लीसेय’ नावाची इथली मासेमारी बोट बेटाच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर जाळं ओढत होती. बोटीवर पाच जण. जाळं तळाशी अडकलं. ते सोडवायला विंचने, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राने, ओढत असताना बोट कलली आणि बघता बघता उलटली. बाबा, जाळं खडपात अडकलं की आपल्या बोटीवर काय धावपळ होते ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. म्हणून हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला.

दोघे तेव्हाच गेले. तिघे उलट्या बोटीच्या तळावर चढले. बोटीला हवेने फुगणारा रबरी तराफा होता, पण तो त्यांना सोडवता आला नाही. बोट उलटी, तराफा पाण्याखाली, हात गारठलेले. थोड्या वेळाने बोटच बुडायला लागली. हवा उणे 2 अंश, पाणी 5-6 अंश. तिघांनी बेटाच्या दिशेने पोहायला सुरुवात केली. एकजण लवकरच दिसेनासा झाला. उरलेले दोघे अंधारात एकमेकांना हाका मारत राहिले. मग एकदा हाकेला उत्तर आलं नाही.

राहिला तो गुडलॉयगुर फ्रिडथोरसन, वय 22. अंगावर शर्ट, स्वेटर आणि जीनची पँट. जाकीट नाही, बचावाचा सूट नाही. दीपगृहाच्या उजेडावर दिशा धरून तो पोहत राहिला. इथे फुलमार नावाचे समुद्रपक्षी असतात, ते त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालत होते. डोकं जागं राहावं म्हणून तो त्यांच्याशी बोलत होता. मध्ये एक बोट शंभरेक मीटरवरून गेली. त्याने जिवाच्या आकांताने ओरडून पाहिलं, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. आई, एवढं ऐकलं आणि मला पुढे काही विचारवेना. आजींनीच माझा हात धरून पुढचं सांगितलं.

पाच-सहा तास पोहून तो किनाऱ्याला लागला, तर समोर उभा कडा. वर चढायला वाटच नाही. मग तो पुन्हा पाण्यात उतरला आणि दुसरी जागा शोधायला पोहत गेला. माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट हीच. जमिनीला हात लागल्यावर परत त्या पाण्यात जायचं!

शेवटी तो जिथे वर आला तिथे सगळा लाव्हा. हे बेट ज्वालामुखीचंच आहे. 1973 च्या जानेवारीत गावाला लागूनच जमीन फाटली होती, आणि आदल्या दिवशीच्या वादळामुळे सगळ्या बोटी बंदरात होत्या म्हणून जवळजवळ अख्खं गाव एका रात्रीत, बहुतेक बोटींतूनच, बाहेर काढता आलं. लाव्हाच्या दगडावरून बूट घालूनही चालवत नाही. कालवं काढायला खडपात गेल्यावर पाय कसे चिरतात, तसं, पण मैलभर, रात्री, अनवाणी. वाटेत मेंढ्यांना पाणी पिण्यासाठी ठेवलेला एक जुना टब दिसला. वर बर्फ जमलं होतं. त्याने ते मुठीने फोडलं आणि पाणी प्यायला. इतके तास समुद्रात काढल्यावर घसा किती कोरडा पडला असेल! पहाटे तो गावातल्या एका घरी पोचला. मागे रक्ताची पावलं उमटली होती.

इस्पितळात त्याची नाडी लागेना. शरीराचं तापमान 34 अंशांच्याही खाली होतं. तरी थंडीने माणूस भ्रमिष्ट होतो, तसं त्याचं काही झालं नव्हतं. शरीरातलं पाणी मात्र बरंच कमी झालं होतं. एवढ्या गार पाण्यात माणसाचे हातपाय साधारण अर्ध्या तासाच्या आतच काम करेनासे होतात, मग हा वाचला कसा? आइसलँड विद्यापीठाचे प्राध्यापक योहान अक्सेलसन आणि लंडनचे डॉक्टर विल्यम कीटिंग यांनी त्याचा अभ्यास केला. लंडनला त्याला पुन्हा गार पाण्यात बसवून मोजमापं घेतली. सहा फूट चार इंच उंची, सव्वाशे किलो वजन, आणि कातडीखालचा चरबीचा थर साधारण 14 मिलिमीटर, म्हणजे सामान्य माणसाच्या दोन-तीनपट. सीलची चरबी असते तशी घट्ट, असंही त्यांना आढळलं. ऊब टिकली ती या थरामुळे.

दादा, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. त्या रात्री तिघे पोहत निघाले. कोळ्यांच्या घरची पोरं असतात तशीच ती पोरं होती. पोहणं येणं आणि हिंमत असणं यात कुणी कमी नव्हतं. एकाच्या अंगावर निसर्गानेच जाकीट घालून दिलं होतं, तो आला. तुझ्या अंगावर तसलं काही नाही. आपल्याकडचं पाणी उबदार, हे खरं. पण पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, आणि समुद्र कितीही कोमट असला तरी आपल्या अंगापेक्षा थंडच असतो. रात्रभर पाण्यात काढायची वेळ आली तर आपल्याकडेही माणूस आधी दमतो, मग गारठतो, मग त्याची मान पाण्यावर राहत नाही. जाकीट तेवढी मान वर धरून ठेवतं. बेशुद्ध पडलास तरी धरून ठेवतं.

मला इथल्या लोकांचं मोठं वाटतं ते त्यानंतरचं. देवाची कृपा म्हणून ही माणसं गप्प बसली नाहीत. या गावात सिग्मुंड योहान्सन नावाचे गृहस्थ होते, वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचे. त्यांनी तराफा बोटीवरून आपोआप बाहेर फेकला जाईल असं यंत्र तयार केलं होतं. या अपघातानंतर ते सगळ्या बोटींवर हवं यासाठी लोकांचा जोर वाढला. 1985 मध्ये खलाशांसाठी बचाव शिकवणारी शाळा निघाली. तटरक्षक दलाचं जुनं जहाजच वर्ग म्हणून वापरलं, आणि ते बंदराबंदरांत फिरवलं. आता ते प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाला खलाशी म्हणून बोटीवर जाता येत नाही. आणि बाबा, इथे पूर्वी दर वर्षी माणसं समुद्रात जीव गमवायची, हे गृहीतच धरलं जायचं. 2008 हे पहिलं वर्ष, ज्यात आइसलँडच्या एकाही खलाशाचा समुद्रात जीव गेला नाही. त्यानंतर अशी आणखीही वर्षं आली. समुद्र तोच आहे, वारा तोच आहे. हे आपल्याकडे होणार नाही असं मी मानायला तयार नाही.

तेव्हा बाबा, तांडेल तुम्ही आहात, तुमचं ऐकतात. तराफा आत्ता परवडणार नाही, कळतं. पण जाकिटं केबिनच्या वर, दोरीने न बांधता, हात घालताच मिळतील अशी ठेवा. आत्ता ती डिझेलच्या कॅनमागे खाली आहेत, दादानेच सांगितलं. रात्री जाळं ओढताना सगळ्यांनी घालायचीच. जाळं अडकलं तर विंचवर जोर करायचा नाही. जाळं गेलं तरी चालेल, दोर तोडा. जाळ्याचे पैसे मी पाठवीन, खरंच पाठवीन. उपग्रहाकडे धोक्याचा इशारा पाठवणारं ते यंत्र बंद पडलं असेल तर ते मत्स्यखात्याच्या कार्यालयात दाखवून चालू करून घ्या.

जून-जुलैची मासेमारी बंदी आहे, तेवढ्यात हे सगळं होईल. नारळी पौर्णिमेची वाट बघत बसू नका. नवीन जाकिटांसाठी पैसे पुढच्या महिन्यात आईच्या खात्यावर टाकते. बोटीवर किती जण असतात आणि कुणाचं अंग केवढं ते दादाला लिहून पाठवायला सांगा. तुमचं जाकीट मात्र मोठं लागेल, ते मी आत्ताच धरून ठेवते.

आईला गुडघ्याचं तेल मिळालं का ते कळवा. सुकटीचं पार्सल मिळालं, आठवडाभर पुरवून खाल्लं.

तुमची,
धाकटी