पडवीतलं एक जाळं राखणाऱ्या काकूंना

काकू, साष्टांग नमस्कार.

चतुर्थी चार दिवसांवर आलेली. घरातली एकूण एक जळमटं तुम्ही कुंच्याने उतरवलीत आणि माझ्या एका विनवणीवर पडवीच्या कोपऱ्यातलं तेवढं सोडलंत. शेजारणीने नाक मुरडलं, तर तिला म्हणालात, "ऱ्हवां दे, माहेरवाशीण असा ती."

ती म्हणजे मलबार कोळीण, नेफिलेन्जिस मलबारेन्सिस. दिवसभर वाशामागच्या नळीत, रात्री जाळ्यावर. काठाशी बसलेला बारका किडा मी दाखवला तेव्हा, "हो तिचो घोव? इतकोसो?" म्हणून तोंडाला पदर लावलात. नीट सांगायचं तेव्हा राहिलं, गौरी आल्या होत्या.

हा घोव तयारीने येतो. आधी चिमुकलं जाळं विणून त्यावर वीर्याचा थेंब टाकायचा, तो तोंडाजवळच्या दोन पाल्पांत, म्हणजे आखूड पायांसारख्या अवयवांत, शोषून घ्यायचा, मग तिच्याकडे जायचं. तिच्या पोटात शुक्राणू साठवायच्या पिशव्या असतात, त्यामुळे मागून आलेल्या नराचा वाटाही तिथेच जमा होऊ शकतो. खरी झुंज तिथली. म्हणून हा आपला पाल्प आतच मोडून ठेवतो. दाराला बूच! आणि ते बूच मोडल्यावरही आत शुक्राणू सोडत राहतं. तिने याला खाल्लं तरी काम चालूच. सिंगापुरात हे प्रयोगात पाहिलं गेलं, २०१२ साली छापून आलं. दोन्ही पाल्प गेले की नर कायमचा षंढ, पण बिनकामाचा नाही. तो जाळ्यावर राखण करतो, आणि अंगावरचं ओझं उतरल्यामुळे धडधाकट नरापेक्षा जास्त वेळ दम धरतो.

हे सगळं मी वाचलेलं होतं. पंचमीच्या रात्री, आरती आटोपल्यावर, ते तुमच्या पडवीत घडलं. दुसरा नर आला, आणि एकही पाल्प न उरलेल्या आपल्या घोवाने त्याला दोनदा काठावरून हाकललं. तुम्ही मागे टॉर्च धरून उभ्या होतात. हात अवघडला असणार, पण उजेड जरा हलला नाही. उद्या पहाटे उठून मोदकांचा नारळ खवायचा होता, तरी "झाला काय?" असं एकदाही विचारलं नाहीत.

त्या उजेडात काढलेला फोटो सोबत पाठवतोय. तिच्या पोटाखाली काळा ठिपका दिसतो ना, तो तिचा नाही. त्याचा.

तुमचा,
माडीवरचा भाडेकरू