मोटार कुणी बांधली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एअर्टन यांच्यावरचा लेख वाचला. लेख म्हणावा का लग्नपत्रिका? बाप घड्याळजी, नवरा प्राध्यापक, सावत्र लेकीचे यजमान कादंबरीकार, नातू शिल्पकार. सगळे पाहुणे आले, नवरी तेवढी राहिली. नातवाची आई, म्हणजे हर्थाबाईंची सख्खी लेक बार्बरा 1945 साली पार्लमेंटात निवडून गेली, तिला तर मांडवातही घेतलं नाही तुम्ही. आणि शेवट काय, तर ‘पतीचे अपुरे कार्य तिने पूर्णत्वास नेले’!

अहो, आर्क दिवा, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटते तो, का फुसफुसतो, हे हिनं शोधलं. कार्बनच्या कांडीला पडलेल्या खळग्याशी हवेतला ऑक्सिजन पोचतो म्हणून. 1899 साली त्यावर इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेत निबंध वाचला आणि त्या संस्थेची पहिली बाई सभासद झाली. नवरा मुद्दाम तिच्या प्रयोगात हात घालत नसे. लोक सगळं आपल्याच नावावर लावतील हे त्याला कळत होतं. शहाणा माणूस. रॉयल सोसायटीनं, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं, 1902 साली तिला फेलो, म्हणजे सभासद, केलं नाही, कारण बाई लग्न झालेली!

मला एवढं का लागलं, तर आमचं इथं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पाटीवर ह्यांचं नाव, खाली ‘अँड सन्स’. सन्स तेव्हा पाळण्यात. जळालेली मोटार उघडून जुने वेढे मोजायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघायचा, कॉइल बसवायचे, हे निम्मं काम माझं. एकदा एका शेतकऱ्यानं पाच एचपीची मोटार आणली, तिची तार कुणीतरी आधीच उपसून भंगारात घातलेली. मोजायला एक वेढा शिल्लक नाही. हे म्हणाले, परत पाठवू. मी रात्री स्टेटरचा, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाचा, व्यास नि लांबी पट्टीनं मोजली, तार बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट, 36, आणि पोराच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर वेढ्यांचं गणित मांडलं. मोटार चालली, ज्वारी भिजली. आठ दिवसांनी तो माणूस नारळ घेऊन आला. मी समोरच वार्निशचा ब्रश धरून बसलेली. नारळ ह्यांच्या हातात दिला, म्हणाला, “मालक, तुमच्या हाताला गुण आहे.” ह्यांनी नारळ घेतला. पुढं नारळ फोडून चटणी मात्र मीच केली.

हर्थाबाईंनीही 1909 साली एका संपादकाला पत्र लिहिलं होतं, रेडियमचं श्रेय मादाम क्यूरींच्या नवऱ्याला दिलं म्हणून. बाईचं काम पुरुषाच्या नावावर लावणारी चूक मांजरीपेक्षा जिवट असते, असं. आपल्या लेखकांनी ते वाचलेलं दिसत नाही. दुरुस्ती छापाल ही अपेक्षा, तीही आतल्या पानावर जाहिरातीखाली नको.

जाता जाता: रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी येते, आणि सोमवारच्या अंकात शब्दकोड्याचं उत्तर असतं. कोडं नि उत्तर एकाच चहाबरोबर. सोडवायचं कधी?

आपली,
एक जुनी वाचक, अंबाजोगाई
(नाव छापलंत तर ‘सौ.’ लावू नका.)