दुपारी चारला अंगणवाडीचं कुलूप काढू द्या

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : एक ते तीन वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या आयांना आठवड्यातून दोनदा एकत्र बसायला जागा मिळण्याबाबत.

मंत्रीमहोदया,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सातपूरमध्ये राहते. मुलगी बावीस महिन्यांची आहे. नवऱ्याची नोकरी औद्योगिक वसाहतीत, तीन पाळ्यांची. रात्रपाळी असली की तो सकाळी घरी येतो आणि जेवून झोपतो. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा झोपलाय, आवाज करू नको, हे या वयाच्या पोरीला कसं समजावणार? तिला डबे वाजवायचे असतात, कपाटाचं दार शंभरदा उघडून बंद करायचं असतं. मग मी तिला कडेवर घेते आणि जिन्यात जाऊन बसते. ती पायऱ्या चढते, मी मागे उभी राहते. ती उतरते, मी पुढे उभी राहते. दोन-दोन तास आमचं हेच चालतं.

जवळची बाग सकाळी दहाला बंद होते आणि दुपारी चारला उघडते. तेव्हा शाळा सुटलेली मुलं घसरगुंडीवर तुटून पडतात. त्यांची चूक नाही, त्यांनाही दुसरीकडे जागा नाही. पण त्या रेट्यात दीड वर्षाचं पोर नीट उभंही राहू शकत नाही. पावसाळ्याचे चार महिने तर बागेचं नावच घ्यायचं नाही. शेवटी मी थकते आणि मुलीच्या हातात मोबाइल देते. वर्षभराच्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या पुढे दिवसाला एका तासाहून जास्त दाखवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. ते मला पाठ आहे. पण दुपारी तीन वाजता, कुकर लावलेला, नवरा झोपलेला आणि पोर रडतंय, तेव्हा पाठ असलेलं काही कामाला येत नाही. आणि एक गोष्ट मी आईलाही फोनवर सांगितली नव्हती ती इथे लिहिते. पहिल्या वर्षात असे दिवस गेले की संध्याकाळपर्यंत मी एकाही मोठ्या माणसाशी पुरतं वाक्य बोललेले नसे.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा मी तिला अंगणवाडीत घेऊन गेले. सेविकाताईंनी प्रेमाने घेतलं. वजन केलं, उंची मोजली, मोबाइलमध्ये नोंद केली, आहाराची पाकिटं दिली. आत पंधरा-वीस मुलं गोल करून टाळ्या वाजवत होती. माझी मुलगी माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावली. मी विचारलं, हिला थोडा वेळ बसवू का? ताई म्हणाल्या, "तीन वर्षांची झाली की आणा, तोवर पाकीट न्यायला यायचं." त्या नियमाने बोलल्या. एकात्मिक बालविकास योजनेत पूर्वशालेय शिक्षण आणि ताजा गरम आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो. म्हणजे ज्या वयात मूल उभं राहतं, पहिला शब्द उच्चारतं, दुसऱ्या मुलाच्या डोळ्यात बोट घालून बघतं, त्या वयात शासनाकडून त्याच्यापर्यंत पोहोचतं ते पाकीट. बसायला सतरंजी मिळत नाही. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय. त्या सहातली पहिली तीन वर्षं आम्ही जिन्यात काढतो.

खासगी प्लेग्रुप आहेत. एकीकडे चौकशी केली तर महिन्याची फी आमच्या किराण्याच्या बिलाएवढी निघाली, आणि तिथेही आईने दारातूनच परत जायचं होतं. मला मुलीला सोडून जायचं नव्हतं. तिच्याबरोबर बसायचं होतं, आणखी चार जणींबरोबर.

आमच्या इमारतीत जानेवारीत बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि ते वेचायला झेपावणारी पोरं. एकूण सहा मुलं होती, सगळी तीनच्या आतली. खालच्या मजल्यावरच्या बाईला मी तोवर फक्त पाण्याच्या मोटारीवरून बोलताना ऐकलं होतं. ती त्या दिवशी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुझी पण रात्री उठते का गं?" त्या एका प्रश्नावर आम्ही तासभर बोललो. मुलं वेचलेली बोरं एकमेकांच्या हातातून ओढत होती, रडत होती, पुन्हा हसत होती. घरी आल्यावर माझी मुलगी तीन तास गाढ झोपली. मी ठरवलं, की हे वर्षातून एकदा संक्रांतीला नको, दर आठवड्याला हवं.

आम्ही पाच जणींनी गुरुवार ठरवला. दुपारी चार ते साडेपाच. खेळणी विकत आणायची नाहीत हा पहिल्या दिवशीचा ठराव. परातीत दोन बोटं पाणी आणि त्यात वाट्या. एवढ्यावर चार मुलं अर्धा तास गुंग होतात, फक्त एक आई परातीजवळून हलायची नाही. कणकेचे गोळे. जुनी साडी दोन खुर्च्यांवर टाकून केलेला बोगदा. झाकणं आणि डबे, म्हणजे कोणतं कुठे बसतं ते त्यांनीच शोधायचं. बाटलीत खडे घालून घट्ट बंद केलेला खुळखुळा. शेवटची पंधरा मिनिटं बडबडगीतं आणि बोटांचे खेळ. यात एक मजा झाली. आमच्यातली एक खानदेशातली, एक मराठवाड्याची, एक सुरगाण्याकडची. प्रत्येकीचा बोटांचा खेळ वेगळा. माझ्या मुलीला आता करंगळीपासून सुरू होणारे तीन खेळ येतात आणि त्यातला एक मला अजून नीट जमत नाही.

गटात एक आजोबाही येतात. सून कामाला जाते, नातू त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी संकोचून दारात उभे राहिले होते. आता गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडे आहे.

एका मुलाबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला या पत्राचं मूळ तिथे दिसतं. तो मुलगा दोन वर्षांचा, आईचा पहिलाच. हसरा, खेळकर. पण बोलत नव्हता. घरचे म्हणायचे, मुलगे उशिराच बोलतात. आई एकटीच असल्यामुळे ताडून बघायला तिच्यापाशी दुसरं मूल नव्हतं. गटात आल्यावर तिसऱ्या गुरुवारी तिनेच पाहिलं, मागून डबा पडला तर सगळी मुलं दचकून वळली आणि हा वळला नाही. तिने दुसऱ्या दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. कान तपासले, दोष निघाला, उपचार सुरू झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं हे मला माहीत आहे, आणि ते चांगलं काम आहे. पण त्या दिवशी नेमका मुलगा गावी असला, तर? दर आठवड्याला सहा आया एकमेकींची मुलं बघत असतील, तर अशी गोष्ट सहा महिने लपून राहत नाही.

आता जागेचं. आम्ही आधी एका सार्वजनिक सभागृहाच्या ओसरीत बसायचो. चार गुरुवार बसू दिलं, पाचव्याला सांगितलं की मुलं घाण करतात, कार्यक्रमांचं बुकिंग असतं, यापुढे येऊ नका. आम्ही फरशी पुसून जात होतो. नंतर एकीच्या घरी बसलो, पण तिच्या सासऱ्यांची तब्येत बिघडली. मग दुसरीच्या गच्चीवर. उन्हाळ्यात गच्ची तापली, जूनमध्ये पाऊस आला. सध्या गट मोडल्यात जमा आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोनदा भेटलो, दोन्ही वेळा जिन्यात.

आणि आमच्या गल्लीच्या टोकाला अंगणवाडीची खोली आहे. भिंतीवर आकडे, फळं, प्राणी रंगवलेले. सतरंजी आहे, पाणी आहे, वजनकाटाही आहे. दुपारी मुलं घरी गेली की तिला कुलूप लागतं ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. राज्यात अशा एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यातल्या किती भाड्याच्या, किती अंधाऱ्या, हा वेगळा विषय आहे आणि तोही मोठा आहे. पण ज्या चांगल्या आहेत त्या तरी दुपारी रिकाम्या का राहाव्यात?

मी काही नवीन कल्पना मांडत नाही. आपल्याच विभागाने युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेबरोबर 'आरंभ' हा उपक्रम राबवला, तो नेमका शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी. त्यात पालक मेळावे होतात, घरच्याच वस्तूंची खेळणी करून दाखवतात. केंद्राने २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा याच वयोगटाचा आराखडा आणला, त्यात ३६ महिन्यांचे १४० खेळ आणि कृती दिल्या आहेत. हे वाचून मला फार आनंद झाला. पण हे खेळ आई घरी एकटीने करील असं धरून चाललं तर ते कागदावर राहतील. मी स्वतः करून पाहिलंय. एकटीला परात मांडायचीही इच्छा होत नाही. पाच जणी असल्या की आपोआप मांडली जाते.

आमच्यातली सुरगाण्याची मैत्रीण बाळंतपणाला माहेरी होती. तिथे आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक पूर्ण जेवण मिळतं. तिला विचारलं, जेवणात काय असायचं? तिने भाजी-भाकरी-अंडं सांगितलं, आणि मग म्हणाली, "जेवण होतंच, पण आम्ही बायका एकत्र बसायचो ना." बाळ सहा महिन्यांचं झालं आणि ते बसणं थांबलं. तिचं हे वाक्य मी विसरू शकत नाही.

'अंगणवाडी' हा शब्दही इथलाच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्याला पन्नास वर्षं झाली. शहरात आता अंगण उरलेलं नाही. आमच्या मुलांना पार्किंगमध्येही खेळू देत नाहीत. म्हणून आम्ही उलट मागणी घेऊन आलोय, की अंगणवाडीने आम्हाला तिचं अंगण द्यावं.

मागणी एवढीच. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी चार ते साडेपाच, एक ते तीन वर्षांची मुलं आणि त्यांना सांभाळणारं माणूस, मग ती आई असो, आजी, आजोबा किंवा बाप, यांना अंगणवाडीची खोली वापरू द्यावी. जिथे अंगणवाडी लहान आहे तिथे महापालिकेचं समाजमंदिर किंवा शाळेचा रिकामा वर्ग द्यावा. किल्ली आयांच्या गटाकडे सहीनिशी द्यावी. झाडणं-पुसणं आम्ही करू. वर्षाला प्रत्येक गटाला दोन सतरंज्या, काही भांडी आणि चित्रांची पुस्तकं एवढं सामान द्यावं, आणि 'नवचेतना'तले खेळ सोप्या मराठीत चित्रांसह एका तक्त्यावर छापून भिंतीवर लावावेत.

सेविकाताईंबद्दल मला कळकळीने लिहायचंय. हे काम त्यांच्या डोक्यावर फुकट टाकू नका. डिसेंबर २०२३ मध्ये त्या मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, थंडीत. सकाळची मुलं, आहार, वजनं, गृहभेटी, मोबाइलवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं, त्यात आणखी दुपारचे दोन तास? महिन्यातून एकदा त्या आमच्या गटात आल्या तर आम्हाला खूप उपयोग होईल, पण त्या तासाचे त्यांना वेगळे पैसे मिळायला हवेत. बाकीचे दिवस आम्ही आया सांभाळू.

नोकरी करणाऱ्या आयांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना पाळणाघर लागतं. २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या सुधारणेने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बायकांना तो कायदा कुठे पोहोचतो? त्यांच्याविषयी कोणीतरी माझ्यापेक्षा जाणकार माणसाने आपल्याला लिहावं. मी मला ठाऊक असलेल्या गोष्टीपुरतं लिहिलं आहे.

सगळ्या राज्यात एकदम नको. नाशिक महापालिका हद्दीतल्या दहा अंगणवाड्यांत सहा महिने करून बघा. किती मुलं आली, किती आया टिकल्या, किती जणींनी मुलाची अडचण वेळेत ओळखली, याची वही आम्ही ठेवू. आमच्या गटाची आत्ताची वही आहे माझ्याकडे. दोनशे पानी, कव्हरवर कणकेचे डाग. कोण कधी आलं, कोणतं मूल कधी चालायला लागलं, कोणी कोणाला चावलं, सगळं लिहिलंय.

आपण नाशिकला आलात तर कुठल्याही गुरुवारी दुपारी चारला या. जागा मिळाली असेल तर अंगणवाडीत, नाहीतर आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात. खाली बसावं लागेल. परात मांडलेली असेल.

आपली,
बावीस महिन्यांच्या मुलीची आई,
सातपूर, नाशिक