बालरुग्ण निधी : चतुर्थीपूर्वी सर्व ग्रामस्थ, चाकरमानी व माहेरवाशिणींना आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर चाकरमानी, माहेरवाशिणी आणि बंदरावरचे सर्व नाखवे-खलाशी यांस सप्रेम नमस्कार.

चतुर्थी तोंडावर आली आहे. सगळी मंडळी वर्षातून एकदाच एका मांडवाखाली भेटतात, म्हणून हे पत्र आताच लिहायला घेतलं. विषय मेंदूच्या आजाराने पडणाऱ्या मुलांसाठीच्या निधीचा आहे, आणि तो नवा नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत तो शेवटी निघाला, तोवर आरतीची वेळ झाली आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. सजावटीची वर्गणी त्याच संध्याकाळी पुरी झाली. रुग्णसाह्याचं पावतीपुस्तक मात्र कोरंच कपाटात परत गेलं. राग नाही, पण वाईट वाटलं, आणि ते लपवून हे पत्र लिहिता येणार नाही.

वाईट वाटण्याचं कारण हे की याच गावाने या आधी काय काय केलं आहे ते दप्तरात लिहिलेलं आहे. मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या आणि हातात पैसा नसताना, बंदरावरच्या मंडळींनी डायालिसिसच्या रुग्णांच्या गाडीभाड्याचा भार उचलला. आपले एक बागायतदार दर हंगामाच्या पहिल्या पेटीचे पैसे न चुकता आणून देतात आणि पावतीवर 'एक देवगडकर' एवढंच लिहायला लावतात. मुंबई शाखेच्या महिलांनी आगळ, कुळथाचं पीठ आणि सांडगी मिरची विकून वर-खाली होणारी खाट, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि चाकाची खुर्ची गावाला दिली. ती खाट आज कितव्या घरात आहे हे मोजणंही आता सोडून दिलं. निवृत्त गुरुजींनी पेन्शनच्या पहिल्या महिन्यापासून रक्कम लावून दिली आहे. एसटीच्या आपल्या चालकदादांनी बर्फपेटीतले नमुने सांभाळून पोचवले, तेही एकदा नव्हे. या सगळ्यांचे उपकार गाव विसरलेलं नाही, मंडळ तर नाहीच.

आता निधी कशासाठी, ते नीट सांगायला हवं. नाव अवघड असल्यामुळे लोक कान देत नाहीत असं दिसलं आहे.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढायची सोडून स्वतःच्याच मेंदूवर उलटते, आणि चांगलं हसतंखेळतं मूल काही दिवसांत ओळखू येईनासं होतं. डॉक्टर याला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात. त्यातला मुलांमध्ये जास्त आढळणारा एक प्रकार म्हणजे ॲन्टी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. डॉ. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी तो २००७ मध्ये ओळखून मांडला. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीला हे नावच ठाऊक असणं शक्य नव्हतं. आधी झोप उडते. मग चिडचीड, भीती, असंबद्ध बोलणं. मग बोलणं कमी होत होत बंद. तोंड-जीभ चावल्यासारखी हालते, हात उगाच फिरतात, झटके येतात, कधी मूल एकाच स्थितीत ताठ बसून राहतं. एमआरआय पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो, आणि घरातले 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून परत फिरतात. निदान होतं ते पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, तोसुद्धा मदत करतो.

आपल्याकडे अशा मुलाला पहिल्यांदा कुठे नेतात ते सांगायची गरज नाही. 'बाहेरचं आहे' म्हणतात, गाऱ्हाणं घालतात, अंगारा लावतात. देवाला गाऱ्हाणं घालायला मंडळाची कधीच हरकत नव्हती, आजही नाही. पण गाऱ्हाणं ज्या संध्याकाळी घालाल, त्याच संध्याकाळी गाडी निघाली पाहिजे. उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं मूल चांगलं सावरतं. २०१३ साली ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेळेत उपचार मिळणं हे चांगल्या निकालाचं एक कारण ठरलं, आणि दोन वर्षांनी दहापैकी आठ जणांची स्थिती चांगली होती. सुधारणा १८ महिन्यांपर्यंत चालूच राहते. बरं होणारं मूल आहे हे. वेडं म्हणून कोपऱ्यात बसवण्याचं नव्हे.

याच जातीचा दुसरा आजार म्हणजे सिडनहॅम कोरिया. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, मुलाच्या हातून वाटी पडते, अक्षर बिघडतं, हातपाय वेडेवाकडे हलतात, उगाच रडू येतं. शाळेत 'मस्ती करतो' म्हणून शिक्षा होते. हा ऱ्हुमॅटिक तापाचाच, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांध्यांवर आणि हृदयावर उतरणाऱ्या तापाचाच भाग असतो, म्हणून हृदयाची इको तपासणी झालीच पाहिजे, कानाला ठोके ठीक ऐकू आले तरीसुद्धा. पुढे पेनिसिलीनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे. पावसात रस्ता बंद म्हणून एक चुकलं, लग्नसराईत दुसरं चुकलं, की पुन्हा घसा आणि पुन्हा हृदयाला धोका. घसादुखीनंतर अचानक सोवळं-ओवळं, मोजणं, हात धुणं सुरू होण्याचा पॅन्डास म्हणून एक प्रकार १९९८ पासून सांगितला जातो. त्यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, म्हणून त्याच्या महागड्या उपचारांना निधी लेखी दुसऱ्या मताशिवाय पैसे देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खर्च कुठे होतो? ऑटोइम्यून एन्सेफलायटिसमध्ये पहिल्या फेरीत शिरेतून स्टिरॉइड, किलोमागे ३० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. ते त्या मानाने परवडतं. खरी अडचण आयव्हीआयजीची, म्हणजे शिरेतून द्यायच्या प्रतिद्रव्यांच्या औषधाची. किलोमागे एकूण २ ग्रॅम लागतं. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या आठ कुप्या, दोन ते पाच दिवसांत. हिशोब लाखाच्या आसपास किंवा वरच जातो, आणि हा पैसा त्याच आठवड्यात लागतो. गुण आला नाही तर रक्तद्रव बदलण्याच्या पाच-सात फेऱ्या, नाहीतर रिट्युक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन आठवड्याला एक असं चार वेळा. मुलगी असेल तर अंडाशयात गाठ नाही ना, हे सोनोग्राफीने पाहावंच लागतं. गाठ असली तर ती काढल्याशिवाय औषधांचा पुरता उपयोग होत नाही.

सरकारी योजना आहेत, नाहीत असं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पहिल्याच दिवशी विचारायचं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. पण मंजुरीला दिवस जातात, आणि या आजारात नेमके तेच दिवस मोलाचे. म्हणून मंडळाला फिरता निधी हवा आहे. आज कुप्या आणायला पैसे द्यायचे, योजनेचे आले की ते परत निधीत, मग पुढच्या मुलाला. घरोघर पावती फाडत बसण्याएवढा वेळ मेंदूला नसतो.

एक गोष्ट ठळक सांगतो, कारण ती हमखास चुकते. रक्ताचे नमुने आयव्हीआयजीच्या आधी घ्यायला हवेत. ती कुपी हजारो माणसांच्या रक्तातल्या प्रतिद्रव्यांची असते. ती अंगात गेल्यावर पुढे रक्ताचे कितीतरी रिपोर्ट फसवे येतात. कुपीवरचा बॅच नंबरचा चिकटपट्टा सोलून वहीत चिकटवायचा. बाहेरून आणायची असेल तर २ ते ८ अंशांत, बर्फाला थेट टेकू न देता, कारण गोठली की वाया गेली. आपल्या पेटीत बर्फ आणि कुपी यांच्यामध्ये दुमडलेला टॉवेल ठेवायचा तो यासाठीच. औषध सुरुवातीला अगदी हळू सोडतात. घाई केली की थंडी, ताप, डोकं ठणकणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकेदुखी, उलटी आणि मान आखडली तर अंगावर काढायचं नाही, कळवायचं. आणि आयव्हीआयजीनंतर गोवर आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढे ढकलतात. आशाताईंना हे कार्डावर लिहून द्या, नाहीतर शाळेतल्या मोहिमेत ती टोचली जाते आणि वाया जाते.

घरी आल्यावरचा काळ मोठा, आणि त्याला कुणी वर्गणी देत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळी, पोटात काही घालूनच. मधेच बंद करायच्या नाहीत, डॉक्टर लिहून देतील त्या पायऱ्यांनीच उतरवायच्या. चेहरा सुजला, वजन वाढलं, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी सोडली, तर मूल कोसळतं. भूक राक्षसासारखी लागते. रात्री दोनला मूल ताट मागतं, तेव्हा ओरडून उपयोग नाही, तो गोळीचा गुण. पेज, मऊ भात, उकडलेलं अंडं तयार ठेवावं. पण पेजेबरोबर आपल्याकडे येतं ते सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड. नेमकं तेच बंद. मिठाने रक्तदाब चढतो आणि सूज वाढते. गोळ्या ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या वेगवेगळ्या असतात आणि पत्ते सारखेच दिसतात. रविवारी सात डब्यांत भरून ठेवाव्यात, रोज पत्त्यातून काढू नयेत.

आपल्या भागाचं आणखी एक. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या मुलाला ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. सिंधुदुर्गात लेप्टो (उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) आहे, माकडताप (रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून होणारा) आहे. अशा मुलाने लावणीच्या चिखलात अनवाणी उतरायचं नाही, काजूच्या रानात जायचं नाही, विहिरीचं पाणी उकळूनच प्यायचं. झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका. पाच मिनिटांवर गेला तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला मिडाझोलामचा फवारा द्या आणि १०८ ला फोन करा. किती फवारे ते कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गडबडीत कुणाला आठवत नाही.

उपचार चालू असतानाही मूल रात्री उठून चालू लागतं. आपल्या घरांना उघडी विहीर, मागे पऱ्ह्या म्हणजे ओहोळ, पुढे खाडी. म्हणून विहिरीला लोखंडी जाळी, दाराला वर कडी, कोयती-विळी उंच पडवीत. आणि जागरण. एक आई, एक बाप, सलग सहा-आठ आठवडे जागू शकत नाहीत. या कामी आम्हाला पैसे नकोत, माणसं हवीत. ज्यांनी बोटीवर रात्रीच्या पाळ्या केल्या आहेत, त्यांना हे जास्त सांगायला नको. दोघांनी रात्री दहा ते दोन आणि दोन ते सहा अशा पाळ्या वाटून घ्यायच्या. मुलाशी हळू बोलायचं, दिवा मंद, टीव्ही बंद, काय झालं ते वेळेसकट वहीत: किती तास झोप, झटका, ताप, शब्द किती बोललं. ही वही पुढच्या भेटीत डॉक्टर सर्वांत आधी मागतात. दोन वर्षांत सुमारे १२ टक्के रुग्णांत आजार उलटतो, आणि तो उलटतोय हे पहिल्यांदा झोपेच्या रकान्यातच दिसतं.

शाळा लगेच जमत नाही. पहिला तास, मग दोन, मग अर्धा दिवस. वाचलेलं विसरायला होतं, लिहायला वेळ लागतो. वर्गशिक्षकांनी हे समजून घेतलं तर वर्ष वाचतं. वाचाउपचार आणि हातांचे व्यायाम यांसाठी कुडाळला किंवा गोव्यात बांबोळीला जावं लागतं. तिथवरचं भाडं आणि आईवडिलांची बुडालेली मजुरी निधीतून देण्याचं ठरलं आहे.

मुलं कुणाची हे विचारू नका, समिती सांगणार नाही. पंचक्रोशीत ती आहेत एवढं पुरे. मागे एका घरी नुसती कुजबुज झाली आणि मुलीचं नाव शाळेतून काढायची वेळ आली होती.

हवं ते असं: फिरत्या निधीसाठी ३ लाख रुपये, बर्फपेट्या दोन, थर्मामीटर व रक्तदाबयंत्र प्रत्येकी दोन, विहिरींना जाळ्या, मुंबईत दवाखान्याजवळ दोघांना १५ दिवस राहता येईल अशी एखादी खोली (मुंबईकरांनी मनावर घ्यावं), वर्षभर जागरणाला १२ माणसं, तुतारी वा कोकणकन्येला स्टेशनवर पोचवणारी गाडी. पैसे रोख दिल्यास पावती घ्यावीच, खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे व सभागृहाच्या फलकावर आहे. पावतीपुस्तकं खजिनदार, मुंबई शाखा आणि बंदरावरच्या सोसायटीत ठेवली आहेत. नोंद 'बालरुग्ण' अशी लिहावी, नाहीतर रक्कम सजावटीत जाते. हिशोब गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता सभागृहात वाचला जाईल, त्या दिवशी भजनाच्या आधी हाच विषय पहिला घेतला आहे. या खेपेला उठून जाऊ नये, ही हात जोडून विनंती.

आपला,
चिटणीस, रुग्णसाह्य समिती