चि. मनूस

इंदूर, रविवार

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

गौरीच्या जेवणाला, आत्यासमोर, मी "परत सुटलीस की गं" म्हणालो. पानातली पुरणपोळी तशीच टाकून तू उठलीस आणि रात्री पुण्याच्या गाडीत बसलीस. डबाही नेला नाहीस. काल आई म्हणाली, पुन्हा ताक-काकडीवर राहते आहेस. खरं सांग, थंडी वाजायला लागली का?

मागच्या मे महिन्यात बारा किलो उतरवून आलीस, तेव्हा मी तुला राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत मिरवलं. भुट्ट्याच्या किसापाशी तू नुसती वास घेत उभी राहिलीस, ते मला दिसलं होतं. उन्हानं अंगाची काहिली होत असताना तू शाल पांघरून बसायचीस, रात्री दोनला मोबाइलवर पाककृती बघायचीस. बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवूनही मला त्यातलं काही कळलं नाही.

आता वाचतोय. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांनाही उन्हाळ्यात गारठा जाणवायचा, तेही पाककृतींची पुस्तकं चाळत बसायचे. चरबी घटली की तिच्यातून येणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक घटतं. ते सापडलं १९९४ साली. मी शिकवायला लागलो तेव्हा पुस्तकात नव्हतं. ते घटलं की मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि खर्चाला हात आखडतो. चरबीच्या पेशी फक्त आकसतात, संख्या तेवढीच राहते. वजन उतरवायच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरी निवांत पडल्यापडल्या होणारा शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज ५०० कॅलरींच्या आसपास कमीच होता. तुझे नऊ किलो परत आले ते आळसानं नाही, मनू.

तेव्हा उपास सोड. वरण, दही, उसळ नीट पोटभर खा, स्नायू टिकायला हवेत. झोप वेळेवर घे. थायरॉइड तपासून घे, डॉक्टरांना थंडीचंही सांग, आणि... बघ, पुन्हा वर्गावर गेलो. माफ कर. तुला शिकवायला नव्हतं लिहायला बसलो.

खो-खोच्या सरावावरून आलीस की स्वयंपाकघरात उभ्यानंच खायचीस. आई लाटायची, मी मोजायचो: पाच, सहा, सात. केवढा अभिमान वाटायचा! मग त्याच मोजण्याचा सूर कधी बदलला? तुला तो ऐकू येत असणार, मला नाही आला. तुझी ठेवण माझ्या आईची आहे. तिच्या खांद्यावर बसून मी गणपती बघितलेत.

आत्याशी बोललो आहे. ती पुन्हा काही म्हणणार नाही. मीही नाही.

दिनूकाका गुरुवारी निघतोय, त्याच्याबरोबर डबा देतो. शाल दिलेली नाही. ती लागत असेल तर फोन कर, रात्री दोन वाजले तरी. मी येतो.

तुझा,
बाबा