सूचना : भागीदारांशी बोलूनच बैठकीला या

सर्व सदस्यांना नमस्कार.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक शाळेने पर्यावरण शिक्षणात साथ देऊ शकेल अशा परिसरातल्या एका तरी भागीदाराला प्रत्यक्ष भेटावे, नुसते पत्र धाडून थांबू नये. रोपवाटिका चालवणारे, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, पक्षिनिरीक्षक, कचरा वेचणाऱ्या महिला, यांच्यापाशी मुलांना शिकवण्यासारखे खूप आहे. मात्र त्यांना वृक्षारोपणाच्या फोटोपुरते बोलावू नका, ही कळकळीची विनंती. लांबलचक सुटीत रोपांना पाणी कोण घालणार, हे त्यांच्यासोबत बसून आधीच ठरवा.

१९९४ साली सुरू झालेल्या ‘इको-स्कूल्स’ या शाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण उपक्रमात पहिली पायरी समितीची असते आणि तिच्यात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक, पालक, परिसरातली माणसेही बसतात. मग शाळेची पाहणी होते. आपणही हाच क्रम ठेवू. पाहणी मुलांनाच करू द्या. गळक्या नळाखाली बादली ठेवून तासाभरात किती पाणी साठते ते त्यांनी मोजावे आणि तो आकडा पालकांसमोर, पाणीपुरवठ्याच्या माणसांसमोर स्वतः मांडावा. मोठ्यांच्या भाषणापेक्षा याने काम लवकर हलते.

भागीदाराचे काम आणि त्यांच्या सोयीची वेळ लिहून आणा. मुलांना शाळेबाहेर न्यायचे असल्यास पालकांची लेखी संमती लागेल. तिचा नमुना बैठकीत मिळेल.